धाकट्याची बॅटरी

रिसोडच्या बाजारातून आम्ही दोघा भावांनी एकाच दिवशी फवारणीचे सारखेच पंप घेतले. बॅटरी मात्र मी स्वस्तातली निवडली. धाकट्यानं कारंज्याला रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पोरीला विचारून घेतली. तिसऱ्या हंगामात माझा पंप तासाभरात बसायचा अन् त्याचा दुपारपर्यंत सोयाबीनमध्ये घुमत राहायचा. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा.

"तुमच्या बॅटरीत असं काय हाय वं?" मी पुतणीला विचारलं.

"मोठेबाबा, आतल्या द्रावणात थेंबभर वेगळं रसायन टाकेल रायते. पयल्या चार्जिंगलेच त्याचा पातळ थर आतल्या पट्टीवर बसते. तो थर टिकला, त दर चार्जिंगले द्रावण नासत नाही."

थेंबभर रसायन, अन् तेही त्याच्याच वाट्याला! एका दुपारी त्याच्या गोठ्यात शिरून मी बॅटऱ्यांची अदलाबदल केली.

आठवड्याभरात तो दोन नव्या बॅटऱ्या घेऊन माझ्या दारात आला. "माही बसली, दादा. तुही त कधीचीच खराब हाय, म्हणून तुह्यासाठीबी आणली."

मी ती घेतली. लाज वाटायला हवी होती. पण माझी नजर त्याच्या हातातल्या दुसरीवर होती. ती जास्त चांगली तर नसेल?