आधीच वाटलेले पेढे

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. लिहायला बसलो की कतारमधल्या दुखानच्या तेलविहिरी, तिथला वारा, कंपनीची वसाहत यांवर पानंच्या पानं भरायची. मुलीच्या कॉलेजपाशी आलो की मला नेमकी चहाची तल्लफ यायची. आज चहा आधीच पिऊन बसलो आहे.

मुलगी बारावीला होती तेव्हा आम्ही दुखानच्या वसाहतीत राहत होतो. मी तेल कंपनीत मेंटेनन्सला होतो. आजूबाजूला मोजकी मराठी घरं होती, पुणे-नाशिक-सोलापूरकडची. बहुतेक सगळे इंजिनिअर, आणि मुलंही इंजिनिअर होणार हे ती रांगायला लागायच्या आधीच ठरलेलं. तिचा निकाल लागला आणि फिजिक्समध्ये ती जेमतेम पास झाली. दोह्याच्या युनिव्हर्सिटीत घेतील असे मार्क नव्हते. मी तिला भारतात कुठेतरी पाठवायचं म्हणत होतो. वाट तिनेच शोधून काढली. दोह्यात दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे चांगले मार्क मिळवले तर पुढे युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाता येतं, झालेले विषय तिकडे धरले जातात.

"म्हणजे मागच्या दाराने," मी म्हणालो.

"दारच आहे ना बाबा? जस्ट थोडं लांबून आहे," ती म्हणाली.

तिने तिथे नाव घातलं. मी नको म्हटलं नाही आणि बरं झालं असंही म्हटलं नाही.

त्या वर्षी एका मित्राकडे घरगुती गणपतीला आम्ही सगळे जमलो होतो. मित्र माझ्याच खात्यातला, सोलापूरचा, आवाज असा की आरतीत झांजेची गरज पडू नये. प्रसाद घेताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, पोरीचं कुठं ठरलं?"

"युनिव्हर्सिटी. इथेच, दोह्यात," मी म्हणालो. मी काही आधी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून ते गेलं, आणि परत घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण घेतलं नाही.

"डायरेक्ट? आणि तोंड मिटून बसलायस? खलास! आता पेढे काढल्याशिवाय सुटका नाही तुझी."

आपल्यात पेढे दिल्याशिवाय बातमी पुरी होत नाही. आणि एकदा दिले की ती मागे घेता येत नाही. पुढच्या शुक्रवारी मी दोह्याला जाऊन पेढे घेऊन आलो. निदान मी स्वतः तरी ते वाटायला हवे होते. पण ज्याचं यश त्याने पेढे द्यायचे आणि मोठ्यांच्या पाया पडायचं, अशी रीत. मी डबा तिच्या हातात दिला.

"बाबा, दिस इज नॉट ट्रू," ती म्हणाली.

"दोन वर्षांनी खरं होणारच आहे ना? आपण फक्त आधी सांगतोय."

ती डबा घेऊन निघाली. घरोघरी गेली, वाकली, आशीर्वाद घेतले. एका काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला तेव्हा ती खाली बघत होती. "किती लाजरी आहे," काकू म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं ती जुनी गाडी घेऊन रोज दोह्याला जायची. वाळवंटातला तो सरळ रस्ता, वारा सुटला की समोरचं काही दिसायचं नाही. घरी येऊन जेवायची आणि अभ्यासाला बसायची. लोकांकडे मात्र जायचं तिने बंद केलं. कोणी विचारलं, कुठला विभाग, कॅम्पस कसा आहे, तर काय सांगणार? मी सांगायचो, परीक्षा आहे. वसाहतीत तिची फार अभ्यासू अशी ख्याती झाली. ते ऐकून मला बरं वाटायचं, हेही लिहून ठेवतो.

आणि मग एक दिवस ती संध्याकाळी घरी आली आणि टेबलावर मिठाईचा डबा ठेवला. येताना तिने स्वतःच आणला होता.

"बाबा, झालं. युनिव्हर्सिटीने घेतलं. एक मॅथ्सचा पेपर सोडून सगळं काउंट केलं त्यांनी." तिचा चेहरा लहानपणी पोहायला शिकली त्या दिवसासारखा होता. "आता वाटूया ना?"

मी डब्याकडे बघितलं. मला आनंद झाला होता, अगदी खरा. पण तोंडातून निघालं ते असं: "आता कसे वाटणार? लोक विचारतील, कसले पेढे?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काहीतरी सांगा. वाढदिवसाचे म्हणा. नवसाचे म्हणा."

"नको आई," मुलगी म्हणाली. "इट्स ओके."

बायकोने एक पेढा देवापुढे ठेवला, एक मुलीला भरवला. उरलेला डबा फ्रीजमध्ये गेला. तिला मी "शाबास" म्हणालो की नाही, हे खूप आठवूनही आठवत नाही. म्हणालो असतो तर आठवलं असतं.

तिसऱ्या वर्षात नवीन म्हणून जाणं काय असतं, ते मला फार उशिरा कळलं. वर्गातल्या मुलींचे गट आधीच पडलेले. पहिले काही महिने ती डबा गाडीत बसून खायची. हे तिने आईला सांगितलं होतं, मला नाही. आमच्या वसाहतीच्या हिशेबी ती तिथली जुनीच होती, तेव्हा नवखेपणाची तक्रार करणार कोणाकडे? पदवी मिळाली तेव्हा सोलापूरकर मित्र म्हणाला, "चार वर्षं कशी गेली, कळलंसुद्धा नाही!" मी मान डोलावली.

आज ती हमद पोर्टला नोकरी करते. कुठल्या जहाजावरचे कंटेनर कधी उतरायचे, हे तिचं खातं ठरवतं. निवृत्त होऊन आम्ही नाशिकला गेलो, करमेना, आणि आता तिच्याच व्हिसावर दोह्यात तिच्याकडे राहतो. एके काळी ती माझ्या व्हिसावर होती.

मागच्या महिन्यात तिच्याकडे काही जण जेवायला आले होते. पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर आलेला एक आयटीवाला तरुण, त्याची बायको, आणि योगायोगाने दोह्यात मुलाकडे आलेला माझा तोच मित्र. तरुणाने विचारलं, "धाकट्या बहिणीला इकडे आणायचंय. कम्युनिटी कॉलेज म्हणजे वेस्ट आहे का हो?"

"अजिबात नाही," मुलगी पोळी वाढता वाढता म्हणाली. "मी तिथूनच ट्रान्सफर घेतली."

मित्राचा घास हातातच राहिला. "काय सांगतेस? तुला तर डायरेक्ट मिळाली होती. अगं, पेढे खाल्लेत आम्ही! तुझ्या हातचे!"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

"काका, ते बारावी पास झाल्याचे होते," ती हसून म्हणाली. "तुमचा काहीतरी घोळ होतोय. आमटी वाढू?"

"वाढ," मित्र म्हणाला. "वय झालं बघ माझं."

दुसऱ्या दिवशी मी चालत जाऊन पेढे घेऊन आलो. येताना वाक्य मनाशी म्हणत आलो, दोनदा बदललं. संध्याकाळी ती पोर्टवरून आली, बूट काढले, टेबलावरचा डबा बघितला.

"कसले पेढे, बाबा?"

बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. नुसती हनुवटी हलवून "बोला" म्हणाली.

"सहज आणले," मी म्हणालो. "ताजे होते."

मुलीने एक घेतला, अर्धा तोडून आईला दिला, आणि चहा टाकायला आत गेली. वाटेत पाठ करून आणलेलं वाक्य एवढंच होतं: पोरी, ते पेढे तुझे होते, मी ते तुझ्याआधीच वाटून टाकले, मला माफ कर.