न दिसणारी रेघ

गोल्फच्या हिरवळीवर माझा चेंडू आणि होल यांच्यामधल्या न दिसणाऱ्या रेघेवर पाय पडू नये म्हणून काल आमचे एक साहेब केवढा वळसा घालून गेले! शिष्टाचार आहे तो. आणि पुढच्याच क्षणी, कडेला पाय पसरून तण खुरपणाऱ्या शांताबाईंना ओलांडून ते आपल्या चेंडूपाशी पोचले. अहो, माणसाला ओलांडू नये, हे आमच्याकडे एवढ्याशा पोरालाही सांगतात! शांताबाईंनीच पाय आखडले. म्हणाल्या, "चुकलं, साहेब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब चेंडू मारायला वाकले होते, आणि अशा वेळी इतरांनी बोलायचं नसतं. तोही तिथला शिष्टाचारच. मी तो काटेकोर पाळला.