पाण्यात सोडलेला दोर

गेल्या वैशाखात मार्गासनीच्या एका लग्नमांडवात जेवणे आटोपून मंडळी पान खात बसली होती. माझ्या पाठीमागे बसलेल्या एका तरुणाने शेजाऱ्यांना माझीच हकीगत सांगितली. पुढच्या ओळीत पाठमोरा बसलेला म्हातारा तोच आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

तो म्हणाला, "आपल्या खोऱ्यातला पयला लॉरीवाला कसा मालक झाला, म्हाईत हाय का? ह्यानं गाठ बांधली कच्ची, चुलत्याचा मोडला पाय. आन् त्याच चुलत्याची बैलं इकून गडी मालक झाला."

मी वळून त्याला विचारले, "तुझा आजा कोण रं?" त्याने सांगितले. तेव्हा ही हकीगत कोणत्या घरातून निघाली ते मला समजले. मांडवात भांडण नको म्हणून मी उठलो. या कागदावरून मला उठवणारे कोणी नाही.

त्या दोन वाक्यांत दोन खोट्या गोष्टी आहेत. गाठ कच्ची नव्हती. बैल विकून लॉरी झाली नाही.

माझे वडील मला आठवत नाहीत. मला वाढवले ते थोरल्या चुलत्यांनी. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. ते गाडीवान होते. वेल्ह्याच्या रानातले ऐन आणि किंजळ यांचे ओंडके बैलगाडीवर घालून ते भोरच्या वखारीत पोचवीत. जाण्यायेण्यात मुक्काम पडे. ओंडके कसे रचावेत आणि दोराला दांडके घालून पीळ कसा द्यावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. जे आज माझी गाठ कच्ची म्हणतात, त्यांनी माझ्या गुरूलाही कच्चे ठरवले, याचे भान त्यांना नाही.

पुढे वखारीच्या मालकाने लॉरी घेतली. बाजूच्या फळ्या काढून टाकलेली, सपाट पाठीची ती लॉरी गाडीवानांची मोठी चेष्टा झाली. "उघडी बोडकी बाई," असे ते तिला म्हणत. पण एका पावसाळ्यानंतर दुसरा पावसाळा येईपर्यंत तिने त्यांची निम्मी भाडी खाल्ली, आणि चेष्टा बंद झाली. मी भोरमधल्या एका मुसलमान उस्तादांकडे राहून ती चालवायला शिकलो. ते गिअर शिकवण्याआधी दोर शिकवीत. म्हणत, "बेटा, गाठीकडं बघू नको. दोराला बोट मार अन् ऐक. तार वाजल्यागत वाजला तर माल तुझा, नाय तर रस्त्याचा." मी चालवलेल्या प्रत्येक खेपेत मी दोर वाजवून पाहिला आहे. त्या दिवशीही पाहिला होता.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासे झाले. मालकाने लॉरीवर कोळशाची टाकी बसवली. लाकडी कोळसा पेटवून त्याच्या धुरावर इंजिन चालत असे. सपाटीवर ते कसेबसे ओढी. चढ आला की दम टाकी. अशा लॉरीवर टिकायला दुसरा ड्रायव्हर तयार नव्हता, म्हणून मालकाने मला शब्द दिला. त्यांचे बोलणे मला अक्षरशः आठवते. "लढाई संपेस्तोवर माझा माल पोचव. निम्मा पगार माझ्याकडं राहू दे. लढाई संपली की लॉरी तुझी. पण एक खेप जरी वाया गेली, तर आपलं बोलणं संपलं." वखारीतल्या गणपतीसमोर त्यांनी हे सांगितले आणि मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी ती लॉरी माझीच समजून पुसू लागलो.

तात्यांनी बैल विकले ते याच सुमारास. लढाईत टायर कोठे मिळत नव्हते. जे मिळत त्यांना बैलांएवढे मोल पडे. मालक म्हणाले, लॉरी तुझी होणार आहे, टायर तू पाहा. तात्यांनी मला न विचारता बैलजोडी बाजारात नेली आणि दोन टायर घेऊन आले. ते टायर मालकाच्या लाकडाखाली झिजून गेले. त्या बैलांच्या जोरावर मालक झाला तो वखारवाला, मी नव्हे.

बैल गेल्यावर तात्या माझ्याबरोबर लॉरीवर येऊ लागले. माल रचावा, मागे बसावे, आणि चढावर खाली उतरून मागच्या चाकाशी उटी, म्हणजे लाकडाचा ठोकळा, घेऊन चालावे. लॉरी दमली की चाकामागे उटी सारायची. पुढे बसायला ते कधी तयार झाले नाहीत. "म्होरं बसून काय करू? बैलाची शेपटी न्हाई का काय न्हाई," असे म्हणत.

आता त्या दिवसाचे.

पावसाळ्यात लाकूड कोणी हलवत नसे. पण त्या वर्षी लढाईच्या कामासाठी लाकडाची घाई झाली आणि भाद्रपदातच मालकाचा निरोप आला. वेल्ह्याहून आम्ही निघालो. मार्गासनीजवळ नदीच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या दगडी पुलावरून, पाणी वाहत होते. लॉरी घेऊन भरल्या पाण्यात उतरण्याची आमची ती पहिलीच वेळ. अलीकडच्या काठावर चार-पाच बैलगाड्या पाणी ओसरण्याची वाट पाहत थांबल्या होत्या. मांडवातल्या त्या तरुणाचा आजा त्यांपैकी एका गाडीवर बसला होता.

"काय ड्रायव्हरसायेब," तो म्हणाला, "तुमच्या बाईला पवता येतं का?"

मी लॉरी थांबवली, मागे जाऊन दोराला बोट मारले. तो वाजला. मग काठी घेऊन पाण्यात उतरलो, कारण फरशी कोठे खचली आहे का हे पायाने पाहिल्याशिवाय चाक घालणे मूर्खपणाचे होते. पाणी गुडघ्याच्या वर होते. परत येऊन मी थेट स्टिअरिंगवर बसलो. दोर पुन्हा वाजवला नाही. थोड्या वेळापूर्वी वाजलेला दोर पुन्हा कोण वाजवतो?

नदी आम्ही नीट ओलांडली. पलीकडचा चढ लागला, इंजिन दमले, आणि तात्या उटी घेऊन खाली उतरले. लॉरी चढाला लागून नाक वर करते तोच मागे मोठा आवाज झाला आणि ती एकाएकी हलकी झाली. ओंडके घसरून गेले होते. काही नदीत गेले. एक तात्यांच्या पायावर होता.

मी आणि पाणी तुडवून धावत आलेल्या गाडीवानांनी तो उचलला. तात्यांना ओढून काढताना माझा हात त्यांच्या कमरेला लागला. धोतराच्या कमरेशी, पाठीमागे, पीळ द्यायचे दांडके खोचलेले होते. गाडीवान जुवाची खिळी काढतो तेव्हा ती जशी पाठीशी खोचतो, तसे.

येथे गाडीवानांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण ती आता कोणाला ठाऊक नाही. भरल्या पाण्यात गाडी घालण्यापूर्वी ते बैलांच्या गळ्यातली जोती, म्हणजे जुवाला बांधणारे पट्टे, सैल करीत आणि मालावरचा दोरही सोडीत. गाडी वाहून गेली तर बैलांनी मान काढून घ्यावी, लाकूड तरंगून जावे, कोणी बांधलेल्या स्थितीत बुडू नये. तात्यांनी लहानपणी एक जोडी जुवाखाली बुडताना पाहिली होती. "पान्यात कुनालाबी बांधून न्हेऊ नये," हे त्यांचे वाक्य होते. मी पाण्यात उतरून फरशी चाचपत होतो, तेव्हा त्यांनी मागे दोर सोडला होता. लॉरीला मान नाही, ती काढून घेणार काय, हा विचार त्यांना शिवला नाही. आयुष्यभर ज्या हातांनी जोती सोडली, त्या हातांनी पाणी पाहिले आणि आपले काम केले. पलीकडच्या काठावर दोर पुन्हा आवळायचा, हीही रीतच होती. पण बैलगाडी काठावर थांबते; लॉरी पाण्यातून निघाली ती न थांबता थेट चढाला लागली.

तात्यांनी हे लपवले नाही. काठावरच, मोडलेल्या पायाने पडल्या पडल्या, ते म्हणाले, "म्या सोडला. पोराची चूक न्हाई." मालक आले तेव्हा त्यांनाही हेच सांगितले. गावात जो विचारायला येई त्याला हेच. आणि कोणीही विश्वास ठेवला नाही. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारा देवमाणूस आहे. पुतण्यावर पांघरूण घालतोय. तू तरी खरं बोल." मी म्हणालो, मी खरेच बोलतो आहे. ते म्हणाले, "मग देवमाणसाच्या घरी असा पुतण्या कसा निपजला?"

मी त्या गाडीवानाकडे, म्हणजे मांडवातल्या तरुणाच्या आजाकडे, गेलो. म्हटले, तुम्ही काठावर होता. तात्यांनी दोर सोडलेला तुम्ही पाहिला असेल. तुम्हीही पाण्यात जाताना तेच करता.

"आमी बैलांचं करतो," तो म्हणाला. "लॉरीला कोन सोडतंय? म्या न्हाई पायलं बा काय."

लॉरीने त्याची भाडी नेली होती. त्याचा राग मी समजू शकतो. खोटे मात्र खोटेच.

माझ्या निरपराधपणाचा असा तात्यांच्या मोठेपणाला हार चढला. ते जितके खरे बोलत, तितके मोठे होत; आणि मी तितका लहान. मला अपराधी म्हटले असते तर मी भांडलो तरी असतो. क्षमा झालेल्या माणसाने कोणाशी भांडावे?

बोलणे संपले. लॉरी दुसऱ्याच्या हाती गेली, पगारातला राखलेला निम्मा मालकाकडेच राहिला. मी शिवऱ्याजवळ सडकेच्या कामावर खडी फोडली. भोरची वळणे पार करून ती लॉरी कापूरहोळहून पुण्याकडे येई तेव्हा ती दिसण्याआधी मला तिचा आवाज ओळखू येई. नवा ड्रायव्हर तिचा दुसरा गिअर फार ओढीत असे. मी हातोडा खाली ठेवीत नसे. मानही वर करीत नसे. घरी तात्या ओसरीवर पाय लांब करून बसलेले असत. हाड वाकडेच सांधले होते, आणि जखम दर पावसाळ्यात उघडे. "आज गेली का रं तुझी लॉरी?" ते विचारीत. मी "गेली" म्हणे. आमचे संध्याकाळचे बोलणे एवढेच उरले होते.

लढाई संपली. लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या, मालकाने त्यांतल्या घेतल्या, आणि आमची लॉरी वखारीमागे उंबराखाली टाकून दिली. मी जाऊन म्हटले, माझा राखलेला पगार द्या, नाहीतर ती द्या. लोक सांगतात की मी पाय धरले. मी उभा होतो आणि मालक बसलेले होते. ते म्हणाले, "ने. लोखंडच आहे." उस्ताद म्हातारे झाले होते, तरी वखारीमागे येऊन त्यांनी माझ्याबरोबर तिचे इंजिन उघडले. कोळशाची टाकी आम्ही काढून फेकली. श्रावणात लॉरी चालू झाली. लॉरी माझी झाली ती अशी.

घरी आणली त्या दिवशी तात्यांच्या अंगात ताप होता आणि जखम काळी पडली होती. वैदू म्हणाला, पुण्याला न्या. माझ्या लॉरीवरचा पहिला माल म्हणजे तात्या. पुढे त्यांना बसवेना, म्हणून मागे पेंढ्यावर गोधडी टाकून त्यांना निजवले आणि गचक्याने घरंगळू नयेत म्हणून छातीवरून व मांड्यांवरून दोर घेतला. "चुलत्याला ओंडक्यागत बांधला" असे जे सांगतात, त्यांनी त्या सपाट पाठीवर त्या रस्त्याने एकदा निजून पाहावे.

मार्गासनीला फरशीवर पाणी होते. तोच काठ, गाड्या थांबलेल्या, आणि तोच गाडीवान, आता पिकलेल्या मिशांचा. मी लॉरी थांबवली. मागून तात्यांचा आवाज आला.

"पानी हाय का रं?"

"हाय, तात्या."

"मंग सोड."

मी म्हटले, "तुमी घरंगळाल."

"धरतो की हातानं. सोड म्हनतो न्हवं?"

मी खाली उतरलो. एका बाजूची गाठ मी सोडत होतो. दुसऱ्या बाजूला पाहिले तर तो गाडीवान उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. त्याने दांडके उलटे फिरवून पीळ काढला, दोर तात्यांच्या छातीवरून उचलला, आणि ते दांडके आपल्या कमरेला पाठीमागे खोचले. मग माझ्याकडे पाहिले. मीही पाहिले. तात्यांच्या कमरेला खोचलेले दांडके त्याला आठवले हे मला ठाऊक आहे, कारण त्याने आपल्या कमरेचे चटकन काढून फळीवर ठेवले आणि तो गाडीकडे गेला. त्यानंतर तो बरीच वर्षे जगला. त्याच्या घरात मात्र पहिलीच हकीगत चालू राहिली.

मी पहिल्या गिअरमध्ये पाणी ओलांडले. तात्यांनी दोन्ही हातांनी फळीची कड धरली होती. पलीकडे पोचताच, चढ लागण्याआधी, मी लॉरी उभी केली आणि दोर पुन्हा बांधला. बोट मारले. वाजला. तात्या म्हणाले, "आसं. हितं थांबाया पायजे हुतं त्या टायमाला." तेवढेच.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांचा पाय कापला, पण विष वर चढले होते. मी त्यांना परत आणले ते पांढऱ्या कापडात, त्याच फळ्यांवर, तोच दोर घेऊन. मार्गासनीला आलो तेव्हा पाऊस थांबलेला होता आणि फरशीवर घोट्याएवढेही पाणी नव्हते. काठावर कोणी नव्हते. मी उतरून दोर सोडला, चालत्या लॉरीत त्यांच्यावर एक हात ठेवायला कोणी नव्हते म्हणून फार हळू गेलो, आणि पलीकडे थांबून तो पुन्हा बांधला.

याची हकीगत कोणी सांगत नाही. म्हणून मी लिहून ठेवली.