टॉवरची घरपट्टी

श्रीपत पापडीजवळच्या एका ग्रामपंचायतीत वसुली कारकून होता. माणूस एवढा काटेकोर, की पहिल्या दिवाळसणाला सासरी गेला तेव्हा सासऱ्याच्या हातात थकलेल्या घरपट्टीची नोटीस ठेवून मगच फराळाला बसला.

२००५ साली तो अंडी विकणाऱ्या बर्थाबाईंकडे वसुलीला गेला. पैसे मोजता मोजता बाईंचा पारा चढला.

"खुराड्याला चार विटा लावल्या तर तू पट्टी वाढवलीस. आनि तो मोबाईलचा टॉवर? तीन वर्सं उभा हाय. त्याची पट्टी कोन भरतं?"

श्रीपतने कचेरीत येऊन वही उलटीसुलटी केली. टॉवरची नोंदच नव्हती! त्याच दिवशी त्याने कंपनीला नोटीस धाडली.

महिन्याने इंग्रजीत तीन पानी उत्तर आलं. सरपंच हेमांगीताईंनी वाचून सांगितलं, "टॉवर ही इमारत नाही म्हणतात. उचलून दुसरीकडे नेता येणारं यंत्र आहे. म्हणून पट्टी लागत नाही."

"पण खालची खोली विटांचीच आहे ना, ताई? तिची पट्टी द्या म्हणावं. नाही दिली तर उचलून नेता येणारा माल जप्त करता येतो. आणि टॉवर तसाच आहे, हे त्यांनीच लिहून दिलंय!"

कंपनीने पुढच्या दोन नोटिसांना उत्तरच दिलं नाही. मग रीतसर वॉरंट घेऊन श्रीपत चार माणसं आणि टेम्पोसह टॉवरखाली उभा राहिला.

"हा टेम्पोत मावेल?" रखवालदार क्लेमेंटने मान वर करून विचारलं.

मावणार नव्हता. म्हणून त्यांनी जनरेटर नेला.

दुपारी नेहमीप्रमाणे लोडशेडिंग झालं आणि तीन गावांचे मोबाईल मुके झाले. हेमांगीताई जावयाशी बोलत होत्या, त्यांचा फोन मधेच तुटला. जावई रुसले. गावाने श्रीपतला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब गाडीतून आला. रस्ता विचारायला फोन लागेना, म्हणून तो तासभर केळीच्या वाड्यांतून फिरत राहिला. शेवटी कचेरीत येऊन त्याने खोलीच्या पट्टीचा चेक टेबलावर आपटला.

"आणि टॉवरचं?"

"ते कोर्टात बघू!"

कोर्टात दोन वर्षं गेली आणि तडजोड होऊन कंपनी दरसाल ठरावीक रक्कम भरू लागली. ही बातमी फुटताच आसपासच्या ग्रामपंचायतींचे कारकून नोटिशीचा मसुदा मागायला आले. श्रीपतने सगळ्यांना आनंदाने प्रती दिल्या, चहाही पाजला. नक्कल फीचे दोन-दोन रुपये मात्र आधी घेतले, पावती फाडून.