जयवंतीनं न मारलेली हाक

समोर माणूस थरथर कापतोय, त्याचे दात वाजतायत, तर तुम्ही आधी काय कराल? हात जोडाल, की त्याच्या मानेला हात लावून बघाल? लगेच उत्तर देऊ नका. घरी बसून सगळेच शहाणे असतात.

साखरशेतच्या जयवंतीला कुणी हे आधी विचारलं असतं, तर तीही ठणकावून म्हणाली असती, "हात लावून बघीन, त्यात काय विचारायचं?" कारण गप्प बसणं त्या बाईच्या स्वभावातच नव्हतं. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. खिचडी झाली की ओट्यावर उभी राहून अशी हाक मारायची, की ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची पोरं ताटल्या घेऊन पळत सुटायची. शाळेला घंटा होती, पण ती कुणी वाजवत नसे. गरज काय? रेशनच्या दुकानात कुणा बाईला मापात मारलं, तर त्या बाईच्या आधी हिचा आवाज चढायचा. लोक नाकं मुरडायचे आणि आपल्या अडचणीत मात्र हिलाच बोलवायचे. हे आपलं नेहमीचंच.

नवरा तुळशीदास अगदी उलटा. दिवसभरात चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. भात कापून झालं की नाशिककडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचा, मुकादम बोलेल ते ऐकून घ्यायचा. वर्षातून एकदाच हा माणूस मोठा व्हायचा, बोहाड्यात. बोहाडा म्हणजे आमच्या जव्हार-मोखाड्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. एकेका देवाचा मुखवटा आणि तो चढवून नाचायचा मान एकेका घराकडे. तुळशीदासच्या घराकडे देवीचा मुखवटा होता. शेवटच्या दिवशी सूर्य वर आला की देवी निघायची. संबळ घुमायचा, पिपाणी चढायची, आणि हा मुका माणूस असा नाचायचा की म्हातारेकोतारे पायांवर डोकं ठेवायचे. त्याच्या अंगात वारं यायचं. उजवा खांदा आधी उडायचा, मग मान, मग सगळं अंग. जयवंतीला ते पाठ होतं.

मग त्याच्या मानेला गाठी आल्या. झाडपाला झाला, लेप झाला. गाठी वाढत गेल्या. जयवंतीनं त्याला ओढतच नाशिकला नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, "गाठींचा कॅन्सर आहे. पण बरा होण्यातला आहे. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध द्यायचं. एकही चुकवायचं नाही."

तिथं वर्षाली नावाची सिस्टर होती, मोखाड्याकडचीच. तिनं दोघांना बसवून आपल्या बोलीत समजावलं. लाल औषधाची सुई हातात धरून म्हणाली, "भाऊ, हे शिरेत गेलं तर औषध. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं. हाताला आग झाली, टोचलं, सूज वाटली, तर त्याच क्षणी सांगायचं. सोसायचं नाय."

सोसायचं नाही! जन्मभर सोसण्याचीच शाबासकी मिळालेल्या माणसाला हे कुठून कळणार? औषध सुरू झालं आणि तुळशीदास भिंतीकडे बघत बसला. जयवंतीची नजर त्याच्या पायांकडे गेली. पायांची बोटं आखडलेली.

"सिस्टर! ह्याला जळतंय! थांबवा ते!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. वर्षालीनं औषध तिथंच थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, सुईतून जमेल तेवढं औषध ओढून घेतलं, बर्फ लावला. उरलेलं दुसऱ्या हातातून दिलं. हात वाचला. "बरं केलं ताई ओरडलात," ती म्हणाली. "असंच ओरडत जा."

पण नाशिकच्या एसटी स्टँडवर तुळशीदासचा पारा चढला. "सगळ्या वॉर्डात अब्रू काढलीस. जराशा आगीनं मरत होतो का मी?"

"मेला असतास तर तिथंच ठेवून आले असते. उचलून कोण आणणार?"

तो हसला नाही. "चार माणसांत माझ्या नावानं ओरडत नको जाऊस," एवढंच म्हणाला. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं, आणि नको त्या दिवशी सललं.

घरी पाठवताना वर्षालीनं बरंच सांगितलं होतं. लघवी एक-दोन दिवस लाल होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. केस जातील, पुन्हा येतील. उलटीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची. तोंड सोलून निघेल, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या. पहिले दोन-तीन दिवस त्याची उलटी, लघवी, त्यानं खराब केलेले कपडे उघड्या हातानं धरायचे नाहीत, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. आणि शेवटी, आवाज खाली आणून, सगळ्यात महत्त्वाचं.

"ताई, शेतात राखणीला माणूस बसतो ना? तशी अंगातही राखण असते. हे औषध गाठी मारतं, पण राखणदारालाही झोपवतं. आठ-दहा दिवसांनी राखण अगदीच नसते. तेव्हा डुकरं, म्हणजे रोगाचे जंतू, शिरली तर आरडाओरडा होत नाय. कळतं फक्त तापानं. ताप शंभरच्या वर गेला, किंवा थंडी वाजून अंग कापलं, की मला फोन करायचा आणि निघायचं. आपल्या मनानं तापाची गोळी द्यायची नाय. गोळीनं ताप झाकला जातो, डुकरं आत खातच राहतात. लग्न असो, मयत असो, निघायचं."

लग्न असो, मयत असो, म्हणाली. बोहाडा असो, एवढंच म्हणायचं राहिलं.

जयवंतीनं सगळं पाळलं. हातमोजे संपले तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून त्याचे कपडे धुतले. थोरली जाऊ हिराबाई नदीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, लग्नाचा नवरा ना? पिशव्या घालून धुतेस, एवढी घाण वाटते?"

"घाण नाय, औषध आहे ते. तुला हवं तर तू धू उघड्या हातानं. माझं काम वाचंल."

बायका हसल्या. हिराबाईनं तोंड फिरवलं. तेव्हा जयवंतीची जीभ जाग्यावर होती.

तिसऱ्या औषधापर्यंत मानेवरच्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. तुळशीदास हडकला होता, डोक्यावर केस नव्हता, पण भाकर गिळत होता. आणि बोहाडा आला. औषध होऊन आठवडा उलटला होता, म्हणजे राखणदार झोपायचे नेमके ते दिवस.

थोरला भाऊ लाडक्या समजूतदार माणूस. म्हणाला, "यंदा मुखवटा मी चढवतो. तू खाटेवर बसून बघ."

"मग गाव म्हणंल, तुळशीदास संपला," तुळशीदास म्हणाला.

लाडक्यानं भावजयीकडे बघितलं. तिनं नाही म्हणायचं होतं. तिनं फोन करून वर्षालीला विचारलंही होतं, पण विचारलं काय, तर "गावात कार्यक्रम आहे, गेलेलं चालंल का?" वर्षाली म्हणाली, "गर्दी नको ताई. गेलातच तर लांब बसा, ताप बघत राहा." देवीचा मुखवटा चढवून गर्दीच्या मधोमध नाचायचंय, हे जयवंतीनं सांगितलंच नाही. का? कारण तिलाही हवं होतं. दोन महिने लोक तिच्या नवऱ्याकडे सरणावरच्या लाकडाकडे बघावं तसे बघत होते. एकदा त्यांनी पुन्हा त्याच्या पाया पडावं, असं तिला वाटलं. यात पाप काय आहे सांगा? पाप नाही. पण चूक होती.

"भाऊजी, चढवू दे त्याला," ती लाडक्याला म्हणाली.

ऊन कोवळं होतं. देवी निघाली. संबळ सुरू झाला, तुळशीदासनं दोन फेऱ्या घेतल्या आणि तो थांबला. पाय लटपटायला लागले. अंग कापायला लागलं. गर्दीतून आवाज उठला, "वारं आलं! आलं वारं!" पिपाणीवाला आणखी चढला. बायका पोरांना पुढं ढकलायला लागल्या. दाभोश्याहून आलेली जयवंतीची मावसबहीण नवशी मातीत आडवी पडून पाया पडली.

जयवंती दोन हातांवर उभी होती. तिनं बघितलं, खांदा उडाला नाही. आधी गुडघे गेले. आणि मुखवट्याच्या आतून आवाज येत होता, कटकट कटकट, दातांचा. वाऱ्यात त्याचे दात कधी वाजले नव्हते. तिला कळलं. मी सांगतो, तिला त्याच क्षणी कळलं. तिनं त्याच्या मानेकडे हात नेला.

"शिवू नकोस!" हिराबाईनं तिचं मनगट धरलं. "देवी आहे अंगात!"

सगळं गाव बघत होतं. चार माणसांत माझ्या नावानं ओरडत नको जाऊस. ओढ्यापलीकडं हाक पोचवणाऱ्या बाईच्या घशातून आवाज फुटला नाही. तिनं हात मागे घेतला, आणि दोन्ही हात जोडले.

फेरी पुरी झाल्यावर मुखवटा उतरवला, तर अंग तव्यासारखं. लाडक्या घाबरला. म्हातारे म्हणाले, "देवीची आग आहे, उतरंल." कुणीतरी तापाची गोळी आणून दिली. जयवंतीनंच पाण्याचा तांब्या पुढे केला. थर्मामीटर घरात डब्यात होता, नंबर मोबाइलमध्ये होता. घाम सुटला, ताप उतरला, तुळशीदास उठून बसला, अर्धी भाकर खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी हसला. "बघितलंस?" म्हणाला. "संपलो नाय मी."

तिनं बघितलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. हीच ती फसवी वेळ. त्या वेळी निघाले असते, तर कदाचित.

दुपार कलली तेव्हा तो भलतंच बोलायला लागला. बायकोला मुकादम समजून "येतो शेठ, येतो" म्हणायला लागला. मग फोन, मग जीप, मग जवळच्या दवाखान्यात सलाईन आणि जंतू मारायचं पहिलं औषध, मग घाटातून नाशिक. वर्षाली दारात उभी होती. तिच्या हातात होतं ते सगळं तिनं केलं, डॉक्टरांनीही केलं. पण डुकरं शेतभर झाली होती. जंतू रक्तात पसरले होते. दुसऱ्या दिवशी तुळशीदास गेला.

डॉक्टरांनी एकच सांगितलं, आणि ते तिनं ऐकायला नको होतं. "गाठी विरत होत्या त्याच्या. औषध लागू पडलं होतं."

गावानं दोन गोष्टी तयार केल्या. निम्मे म्हणाले, देवीनं नेला, एवढं भाग्य कुणाला मिळतं? त्याच्या मुखवट्याला नारळ चढले. निम्मे म्हणाले, नाशिकच्या इंजेक्शनानं मारला. ताप, हा शब्द कुणाच्याच तोंडात नव्हता. आणि जयवंतीनं दोन्ही गोष्टी खपवून घेतल्या. देवीनं नेलेल्या माणसाची बायको म्हणून लोक तिच्याशी अदबीनं बोलायचे. तो मान खोडून काढायचा, तर तुळशीदासचा शेवटचा नाचही खोडावा लागणार होता. ती खिचडी शिजवत राहिली. शाळेत मात्र घंटा वाजायला लागली.

पावसाळा सरला आणि निरोप आला. नवशीला छातीत गाठ निघाली होती. तुकडा तपासला, कॅन्सर. इंजेक्शनं घ्यायला सांगितली, तर ती जायला तयार नाही. जयवंती जीपला लटकून दाभोश्याला गेली. नवशी ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"समजवायला आलीस ना?" नवशी म्हणाली. "नको समजवूस ताई. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ती सुई गेली आणि भाऊजी गेला. मरायचंच तर घरात मरंन."

"सुईनं नाय मेला तो."

"मग देवीनं नेला, सगळेच म्हणतात. मी तर पाया पडले तेव्हा."

जयवंती तिच्या शेजारी ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "देवी नव्हती गं. ताप होता. थंडी भरली होती त्याला. तू त्याच्या तापाच्या पाया पडलीस."

नवशीच्या हातातलं सूप थांबलं. "तुला कधी कळलं?"

"तिथंच. दात वाजत होते."

"आणि तू? तू तर एवढ्याशानं गाव डोक्यावर घेतेस. तेव्हा का नाय ओरडलीस?"

हिराबाईचं नाव घेता आलं असतं, तुळशीदासचं वाक्य सांगता आलं असतं. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. पदरात बांधून आणलेला थर्मामीटर सोडून सुपात, नाचणीवर ठेवला.

"सुई घे," ती म्हणाली. "मी शेजारी बसीन. जळलं तर तू सांग, तू नाय सांगितलंस तर मी ओरडीन. आणि अंग कापलं तर मला कुणी सांगू नये शिवू नको म्हणून."

नवशी जाते आता नाशिकला. केस गेलेत, तोंड आलंय, सुया टोचून दुखणाऱ्या हातांना शिव्या घालत जाते, पण जाते. एकदा ताप चढला, तर जयवंती दाभोश्यात होती म्हणून त्याच तासाला जीप निघाली, आणि चार दिवसांनी बाई चालत परत आली. लोक म्हणाले, जयवंतीनं वाचवलं. जयवंती घरी जाऊन रिकाम्या खाटेकडे बघत बसली. जे दाभोश्यात जमलं ते साखरशेतात जमलं नाही, याचं ओझं कुठल्या शाबासकीनं हलकं होत नाही.

देवीचा यात दोष नाही. तापात उभं राहा, असं कुठल्याच देवीनं कुणाला सांगितलेलं नाही. औषधाचाही नाही. म्हणून तुम्हाला मागणं आहे. तुमच्या घरात, पाड्यावर, कुणाला हे शिरेतलं औषध चालू असेल, तर हॉस्पिटलचा नंबर आजच विचारून घ्या, औषध मनानं बंद करू नका, आणि त्याचं अंग कापायला लागलं की हात जोडू नका. पुढं व्हा, त्याच्या मानेला हात लावून बघा. गरम लागली, तर सगळ्या गावादेखत हाक मारा.