आपलं नुकसान आपण बोलायचं

पियुष वानखडे लबाड माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर कुणी मानणार नाही.

मूळचा पुलगावचा. हिंजवडीत नोकरी, तिथंच एका खोलीत आणखी दोघांबरोबर मुक्काम. त्या दोघांशी त्याचं बोलणं गिझर चालू आहे का, यापलीकडे कधी गेलं नाही. पुण्यात इतकी वर्षं काढून त्याला जिवाभावाचा म्हणावा असा एकच माणूस मिळाला होता, आणि तोही स्क्रीनवर. पुण्याजवळच्या मांजरी गावचा पृथ्वीराज घुले.

दोघं रोज संध्याकाळी ऑनलाइन पत्ते खेळायचे. रमी-बिमी नव्हे हो. राक्षस, चेटकिणी, सैनिक यांची चित्रं असलेले पत्ते. आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड, आपण जमवायचा, सुरुवातीला प्रत्येकाला वीस पॉइंट, ज्याचे आधी संपले तो मेला. यातले शौकीन एकेका दुर्मीळ पत्त्यापायी पगार उडवतात. हे दोघं मात्र गरिबांचा प्रकार खेळायचे, म्हणजे फक्त साधे, सगळ्यांकडे असतात तेच पत्ते चालणार. पृथ्वीराजच्या घरचे बिल्डर. मनात आणलं असतं तर त्यानं अख्खं दुकान उचललं असतं, पण त्याला हेच आवडायचं. हितं बापाचं नाव चालत न्हाय, म्हणायचा.

त्यानंच पियुषला कसबा पेठेत बोलावलं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दहा-बाराजण जमून खऱ्या पत्त्यांनी खेळायचे, उरलेले पॉइंट दाखवायला प्रत्येकापुढे वीस बाजूंचा एक फासा. नवा माणूस घ्यायचा तर कुणीतरी त्याची हमी घ्यायची. पृथ्वीराजनं घेतली, आणि याला हरवणारा अजून जन्मायचाय, असंही सगळ्यांना सांगून ठेवलं.

खोली नीरजा शाळिग्रामांची. बँकेतली बाई, बोलणं मोजकं आणि तिखट. त्यांनी पियुषला दारातच गाठलं.

"बाकी नियम तुम्हाला येतातच. इथला एक वेगळा आहे. आपलं नुकसान आपण मोठ्यानं बोलायचं. समोरच्याचे पॉइंट मोजायचे नाहीत, आम्हाला तो अपमान वाटतो."

पियुषनं मान डोलावली. त्यात अवघड ते काय?

अवघड पत्ते पिसण्यापासूनच सुरू झालं. ऑनलाइन ते काम कॉम्प्युटरचं. इथं निम्मे पत्ते टेबलाखाली गेले, सगळे हसले, पियुषही हसला. खूप दिवसांनी तो माणसांत बसून हसत होता. पहिले दोन डाव त्यानं आरामात जिंकले आणि शेवटच्याला समोर आला पृथ्वीराज.

पियुषचा हुकमी पत्ता होता जळू. दांडगा प्राणी, मारा जबरदस्त, पण त्याची एक खोड. दर पाळीच्या सुरुवातीला तो आपल्याच मालकाचा एक पॉइंट पितो. त्याच्या जोडीला पियुषनं वैद्य ठेवला होता, जो दर पाळीला, हवा असेल तर, एक पॉइंट देतो. डाव रंगला. पियुष प्रत्येक पाळीला वैद्यावर बोट ठेवून "एक वाढला" म्हणायचा आणि आपला फासा फिरवायचा. शेवटी दोन पॉइंट हातात ठेवून त्यानं पृथ्वीराजला गारद केलं. पृथ्वीराजनं टेबलावरून वाकून त्याच्या पाठीत थाप मारली. काय सांगू, पियुषचा ऊर भरून आला.

आधीच हरून बघत बसलेल्या नीरजाताई तेव्हा बोलल्या. "जळू चार पाळ्या टेबलावर होती ना? तिचे पॉइंट गेलेले कुठं ऐकू नाही आले."

पियुषनं फाशाकडे पाहिलं. चार पाळ्या, चार पॉइंट. म्हणजे तो केव्हाच मेला होता आणि मेलेला माणूस जिंकून बसला होता.

विसरलो, तो म्हणाला. खरंच विसरला होता हो! ऑनलाइन जळू विचारत नाही, कॉम्प्युटर गुपचूप पॉइंट कापून मोकळा होतो. वैद्य मात्र दरवेळी विचारतो, हवा का, आणि बटण दाबावं लागतं. दोन वर्षं दाबून दाबून बोटाला फायद्याचीच सवय लागली होती, नुकसान कधी बोटाखालून गेलंच नव्हतं. हे सगळं त्यानं अडखळत सांगायचा प्रयत्न केला. जितकं सांगत गेला तितकं ते बनवलेलं वाटत गेलं, त्याचं त्यालासुद्धा. कुणी आवाज चढवला नाही. एकजण उगाच मोबाइल बघू लागला. नीरजाताईंनी डाव पृथ्वीराजच्या नावावर केला आणि चहा सांगितला.

पृथ्वीराज आपले पत्ते गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, "फायदा बरा ध्यानात राहिला."

त्या आठवड्यात पियुषनं रोज संध्याकाळी लॉगिन केलं. पृथ्वीराजच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसायचा, निमंत्रण जायचं, उत्तर यायचं नाही. मग तो अनोळखी लोकांशी खेळायचा. जळू खाली ठेवली की कोपऱ्यातला आकडा एकानं उतरे, आवाज न करता. दोन वर्षांत त्यानं तो उतरताना एकदाही पाहिला नव्हता. आता दुसरं काही दिसेना. आपण खरंच विसरलो होतो ना, असं मधेच मनात येई आणि त्याला स्वतःचीच भीती वाटे.

रविवारी तो कसब्यात गेला. जायला तोंड नव्हतं, तरी गेला. नीरजाताईंनी काही न विचारता जोड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमका पृथ्वीराजच समोर आला. पियुषनं मुद्दाम तोच डेक आणला होता. जळू खाली ठेवली, पुढच्या पाळीला वैद्याला हातही न लावता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "जळूचा एक गेला. राहिले अकरा."

त्यानं फासा फिरवला आणि मान वर केली.

पृथ्वीराजपुढे त्याचा नेहमीचा लाल फासा होता. त्याला लागून आज एक पांढरा होता. पृथ्वीराजनं तो पांढरा उचलला, फिरवून अकरावर ठेवला, पियुषच्या फाशाशी ताडून पाहिला.

"बरोबर," तो म्हणाला. "ओढ पुढचा पत्ता."