दोन टोपणं झोप

यांनी दारू सोडली तेव्हा अख्ख्या परंदवडीनं माझं अभिनंदन केलं. गिरणीत, किराणा दुकानात, कुणाच्या बारशाला, जी भेटेल ती माझा हात धरून म्हणायची, "सुटलीस गं बाई!" मीही हसून मान डोलवायची. सुटले कसली, कपाळ माझं! पिणारा माणूस जेवला की आडवा व्हायचा तो थेट गजरालाच उठायचा. न पिणारा माणूस आडवाच होईना. पण "तुझा नवरा झोपतो का गं?" असं एकीनंही विचारलं नाही. दारू सुटली की सगळं सुटलं, असंच लोकांना वाटतं.

हे एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. सकाळी घोरावाडी, सोमाटणे, आमचं गाव असं करत पहिल्या पाळीची माणसं गोळा करायची आणि कारखान्यात नेऊन सोडायची. कारखान्याच्या गेटवर एक यंत्र आहे, त्यात ड्रायव्हरनं फुंकायचं. रात्रीची दारू सकाळी दिसली की पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा कायमचं घरी. पावसाळ्यात यांना ताकीद मिळाली. त्याच दिवशी हे शिरगावला गेले, साईबाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि घरी येऊन उरलेली बाटली गोठ्यामागं ओतून टाकली. म्हशीसुद्धा बघत राहिल्या असतील.

मी लोणावळ्याची. शनिवार-रविवारी प्यायला म्हणून गाड्या भरभरून येणारी माणसं बघतच लहानाची मोठी झाले. त्यामुळं प्यायलेल्या पुरुषाची मला भीती नव्हती. आमचे हे तर पाठच होते मला. आधी बडबड, मग जेवणाला नावं, मग एखादं जुनं गाणं, की झोप. पण न प्यायलेला, न झोपलेला पुरुष मी कधी पाहिला नव्हता. तो काहीच बोलत नाही. भिंतीला पाठ लावून बसतो आणि आपल्याकडे बघत राहतो.

दुपारी कामावरून आले की डोळे लालभडक. पडायचे, उठायचे. बनियन घामानं चिंब. मग भर उन्हात बांधावरचं गवत उपटायला जायचे. गवत संपलं तरी उपटतच राहायचे, म्हणजे मेथीसुद्धा. सासूबाई ओरडल्या तर मुळासकट मेथी हातात घेऊन नुसते उभे. दारूत होते तेव्हा निदान माणूस कुठं गेलाय ते तरी कळायचं.

मी काय काय नाही केलं! दुधात जायफळ उगाळून दिलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले, इतके की माझेच हात काळे झाले. सासूबाईंनी तीनदा दृष्ट काढली. शेवटी ओढून तळेगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "इतकी वर्षं शरीर दारूच्या आधारानं झोपत होतं, आता त्याला नव्यानं शिकायला लागेल. काही आठवडे जातील, कदाचित महिने. दर आठवड्याला येत जा, आपण बघू. पण मनानं काही घेऊ नका." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "आता गोळ्या चालू करंल ह्यो. गोळी म्हंजे दुसरी बाटलीच." आणि पुन्हा पायरी चढले नाहीत. मीही जोर केला नाही. वाटलं, बरोबरच बोलतायत.

मग एक दुपार आली. जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, पाऊस पडला नाही म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "आज सोमाटण्याला मानसं चढली, अन् एकदम कंपनीचं गेट आलं."

"म्हणजे?"

"मधलं आठवत न्हाई. गाडी कुनी आनली काय म्हाईत."

आणि कालवण वाढ म्हणून वाटी पुढं केली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. त्या बसमध्ये आमच्या शेजारच्या दोन मुली असतात, अजून लग्न व्हायच्या. गावातली निम्मी पोरं असतात. मधे तो हायवे, ते ट्रक, ते वळण.

"आणि यंत्रात फुंकलं?" मी विचारलं.

"फुंकलं की. साफ आलं. साहेब म्हनला, शाब्बास."

त्या यंत्राला दारू कळते, झोप कळत नाही. शाब्बास म्हणे! मला त्या साहेबाचा असा राग आला की बस्स. पण राग काढून उपयोग नव्हता. यांनी एक दिवस जरी खाडा केला तरी लोक म्हणणार, परत सुरू झालं. त्यामुळं कुणाला सांगायची सोय नाही, आणि न सांगता दुसऱ्या दिवशी परत बस निघणार. त्या दुपारी मी ठरवलं, यांना झोपवायचं. कसंही करून झोपवायचं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच तळेगावला गेले. औषधाच्या दुकानात म्हटलं, घरात झोप लागत नाही, काहीतरी साधं द्या, गोळी नको. दारू सोडलीय हे नाही सांगितलं. लाज वाटली. दुकानात ओळखीची माणसं उभी होती. दुकानदारानं मागच्या फळीवरून एक तपकिरी बाटली काढली. अरिष्ट होतं कसलंसं. "आयुर्वेदिक आहे, ताई. दोन टोपणं, तेवढंच पाणी. गाढ झोप." आयुर्वेदिक म्हटल्यावर मी बाटली उलटूनसुद्धा पाहिली नाही. आपल्याकडे आयुर्वेदिक म्हटलं की देवाचं तीर्थच!

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी यांच्या हातात पेला दिला. यांनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. गिळेचनात. माझ्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बघणं रिकामं नव्हतं. "कडू आहे का?" मी हसून विचारलं.

"कशाचं हाय?"

"झोपेचं. आयुर्वेदिक."

"तू आनलंस?"

"मग काय शेजारीण आणून देणारे तुम्हाला?"

गिळलं. पेला पालथा घातला. आणि बाई गं, त्या रात्री हे झोपले. पूर्वीसारखे घोरून झोपले. ते घोरणं ऐकत मी पदरात तोंड घालून रडले आणि मग मलाही अशी झोप लागली की सकाळी सासूबाईंनी हलवून उठवलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. डोळ्यांची लाली गेली. अंगानं बाळसं धरलं म्हणावं तसे दिसायला लागले. शेजारच्या मुली सांगायच्या, "काका आता बसमधे गाणी लावतात." सासूबाई तर बाटलीला हळदकुंकू वाहायच्या बाकी होत्या. एकदा म्हणाल्या, "एवढी देतीस पर बाटली सरंना झालीया. बाबाची किरपा हाय." मीही म्हटलं, व्हय, कृपाच. मला शिलाईचं काम, दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर. बाटलीत किती उरलंय ते बघायला सवड कुणाला?

पण खोटं का बोलू, काहीतरी मनात टोचत होतं. दिवेलागणीला हे शेतातून घाईघाईनं यायचे. हात धुऊन ओट्याशी येऊन उभे राहायचे. खिशात वेलदोडे दिसायला लागले. एका संध्याकाळी ब्लाउज पोचवायला गेले होते, परत यायला उशीर झाला. दारातच, "आजून दिलं न्हाईस," म्हणाले आणि समोरचं ताट असं ढकललं की वरण भिंतीपर्यंत गेलं. मग लगेच हसले. "भूक लागलीया," म्हणाले. मधल्या एका क्षणात मला जुना चेहरा दिसला होता. मी वरण पुसलं आणि दोन टोपणं ओतून दिली. मला तो चेहरा बघायचाच नव्हता.

दसरा झाला. त्यानंतर चार-दोन दिवसांनी सकाळी फोन आला. यांचाच. आवाज दबलेला. "यंत्र वाजलं. गेटवर बशिवलंय मला. ते तुझं औषध हाय ना, त्याच्यामुळं झालं. बाटली घेऊन ये. त्याच्यावर बारीक अक्षरात लिवलंय, आपोआप तयार होनारी दारू आसती म्हनून. दाखव साहेबाला."

मी फळीवरून बाटली काढली. शाळेत शिकलेलं इंग्रजी चाचपत एकेक अक्षर लावलं. होतं. खरंच होतं. मुंगीएवढ्या अक्षरात होतं. म्हणजे मी, मी माझ्या हातानं, रोज दिवा लावून झाल्यावर! सासूबाई विचारत होत्या काय झालं, त्यांना काही न सांगता मी बाटली पिशवीत घातली आणि मिळेल त्या रिक्षात बसले. यांनी बारीक अक्षरं कधी वाचली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

गेटच्या केबिनबाहेर बाकावर हे बसले होते. आतल्या खिडक्यांतून लोक बघत होते. साहेब म्हणजे फौजेतून रिटायर झालेला माणूस, सभ्य. पण मी कुणाची सभ्यता बघायच्या अवस्थेत नव्हते. "तुमचं यंत्र खोटं आहे!" मी सुरुवातच तिथून केली. "माझ्या माणसानं पावसाळ्यापासून थेंब घेतला नाही. साईबाबांची शपथ घेऊन सांगते. दोष असेल तर माझा आहे, मी पाजलंय हे. वाचा, वाचा यावर काय लिहिलंय! घरी बसवायचं तर मला बसवा!" माझा आवाज गेटभर झाला. मला वाटत होतं, आज मी यांना सोडवून नेते.

साहेबानं चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे ताई, यात असतं. किती देता?"

"दोन टोपणं. पाणी घालून."

"कधीपासून?"

"गणपती उठल्यापासून. एक दिवस चुकवला नाही."

"हीच बाटली?"

"हीच! एकच आणलीय मी."

त्यानं बाटली उन्हाकडं धरली. मी पण वर पाहिलं. तपकिरी काचेतून औषध दिसत होतं, पार गळ्यापर्यंत. जेमतेम दोन टोपणं कमी.

साहेब हसला नाही. टोपण घट्ट फिरवून बाटली दोन्ही हातांनी माझ्याकडं परत दिली. "यांना घरी घेऊन जा, ताई," एवढंच म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. मी यांच्याकडं पाहिलं. हे चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते.

रिक्षाच्या स्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो. "किती बाटल्या आणल्या?" मी विचारलं.

"मोजल्या न्हाईत. सरली की नवी ठिवायचो, तुला कळू नये म्हनून."

"आणि दारू आहे हे कधी कळलं?"

"पयल्याच घोटाला. जिभंला कळतंच की." थोडं चालून म्हणाले, "तुझ्याकडं बगितलं मी. म्हनलं, हिला म्हाईत असंल. तू हसत व्हतीस."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"बोललो असतो तर बंद केलं असतंस."

मी रस्त्यात थांबले आणि तोंडाला येईल ते बोलले. मेल्या म्हणाले, मुडद्या म्हणाले, लग्नानंतर कधी काढली नव्हती ती सगळी नावं काढली. येणारे-जाणारे बघत होते. मी बाटली तिथंच गटारात रिकामी केली, तर हे तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. ते मी जन्मात विसरणार नाही.

आता आम्ही दर आठवड्याला डॉक्टरकडे जातो, दोघंही. कंपनीनं अजून काही कळवलेलं नाही; बसवर दुसरा माणूस आहे. गावाला कारण कळलंय. गिरणीत कुणी माझा हात धरत नाही.

काल दुपारी मी शिवत बसले होते. हे कॉटवर पडलेले, डोळे मिटलेले, छाती सावकाश वरखाली होत होती. बारीक घोरणंही होतं. मला आधी बरं वाटलं, मग शंका आली. इतकी चांगली झोप आली कुठून? मशीन थांबवलं. पाय न वाजवता गेले, वाकले आणि तोंडाजवळ नाक नेलं. दुपारच्या कांद्याचा वास होता. तेवढाच होता, की त्याखाली आणखी काही होतं? कळेना. मी अजून खाली वाकले.

"झोपलो न्हाई मी," डोळे न उघडता हे म्हणाले. "मी पडलो की तुला जरा बरं वाटतं, म्हनून पडतो. घे. नीट घे वास."

आणि तोंड उघडलं. मी नीट घेतला.